वीर, मुखवटे आणि रहाड: फाल्गुनातली नाशिक-भ्रमंती

महाविद्यालयात सांस्कृतिक भूगोल शिकवताना लोकसंस्कृती आणि लोकप्रिय संस्कृती यांचे कोष्टक फळ्यावर मांडणे फार सोपे जाते. लोकसंस्कृती लहान समूहात, बहुधा अनामिक हातांनी घडते, माणसे गाव सोडतात तेव्हा त्यांच्याबरोबर पुढे सरकते आणि दर दहा कोसांवर निराळी दिसते; लोकप्रिय संस्कृतीचा उगम सहसा एखाद्या मोठ्या शहरात, ठरावीक तारखेला आणि ठरावीक नावाने होतो, माणसाने जागचे न हलता ती पडद्यावरून आणि फोनवरून हिंडते आणि टोकियोपासून तासगावापर्यंत बरीचशी एकसारखी दिसते. विद्यार्थी हे उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि गुणही मिळवतात. मला मात्र अलीकडे या दोन रकान्यांमधली रेघ जिथे पुसट होते ती ठिकाणे पाहावीशी वाटू लागली होती, आणि नाशिक जिल्ह्यात होळी ते रंगपंचमी या काळात अशी ठिकाणे एका फेरीत पाहता येतात. पंचवटीत राहणारे माझे थोरले आतेभाऊ, ज्यांना घरीदारी सगळेच नाना म्हणतात, बँकेतून निवृत्त झाल्यापासून असल्या भटकंतीला सदैव तयार असतात. मुक्काम त्यांच्याकडेच केला.

फाल्गुन वद्य प्रतिपदा, धूलिवंदन

मिरजेहून आलेल्या माणसाला नाशिकचे धूलिवंदन प्रथम बुचकळ्यातच टाकते. रंग जवळपास दिसत नाही. तो इथे पंचमीसाठी राखून ठेवलेला असतो. त्याऐवजी दुपारनंतर जुन्या नाशकाच्या गल्ल्यांतून वीर निघतात. ज्या घराण्यात कोणी पूर्वज लढाईत पडला किंवा अकाली गेला, त्या घराण्याच्या देव्हाऱ्यात त्याचा चांदीचा टाक असतो. तो टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून लाल कापडात बांधतात, वाजतगाजत रामकुंडावर नेतात, गोदावरीत स्नान घालतात आणि तसाच नाचवत घरी आणतात. बरोबर घरातली मुले देवांची आणि शूर पुरुषांची सोंगे घेऊन चालतात. गर्दी सर्वांत जास्त होते ती दाजिबा वीराभोवती. अंगाला हळद लागलेली असताना, लग्नापूर्वीच ज्याला मरण आले अशा तरुणाची ही कथा असल्याने या वीराला बाशिंग बांधतात. लोक नवस बोलतात आणि फेडतात, आणि ही मिरवणूक रात्री उशिरापर्यंत रेंगाळत राहते.

मी नानांना विचारले की, ही प्रथा इतकी देखणी असून जवळच्या शहरांनी ती उचलली का नाही. नानांनी उत्तर दिले, "उचलणार कशी? ज्याचा वीर, त्याचाच टाक. शेजाऱ्याला माझा आजा कसा नाचवता येईल?" हे उत्तर पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा मला अधिक उपयोगी वाटले. सराफ बाजारात चांदीचे टाक कोणालाही करून मिळतात, म्हणजे वस्तू सुटी आहे. पण तिच्यामागचे मयत माणसाचे नाव, कुळ आणि नदीचा तो घाट हे सुटे होत नाहीत, आणि म्हणून प्रथा तिथेच राहते.

त्याच मिरवणुकीत संबळाच्या जोडीने ढोल वाजत होते, आणि ढोलाची गोष्ट नेमकी उलट आहे. कमरेला बांधलेला ढोल, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, सोबत ताशाची कडकड आणि झांजा, हा संच कोणत्याही कुळाचा नाही. तो गळ्यात किंवा कमरेला अडकवता येतो, चार दिवसांत त्याचे सोपे ठेके बसतात, मोकळ्या रस्त्यावर त्याला ध्वनिवर्धक लागत नाही आणि गणपती, लग्न, निवडणूक, क्रिकेटचा विजय यांपैकी कोणत्याही प्रसंगाला तो शोभतो. परिणामी 'नाशिक ढोल' ही संज्ञाच गावाबाहेर पडली. केरळमध्ये आज याच नावाची पथके उत्सवांत आणि विजयी मिरवणुकांत वाजवतात, आणि तेही चेंडा या स्वतःच्या अत्यंत प्रगल्भ तालवाद्याची परंपरा असलेल्या प्रदेशात. तेथे वाजवणाऱ्या मुलांपैकी अनेकांनी नाशिक पाहिलेलेही नसेल. चेंडा शिकायला गुरूपुढे वर्षे घालवावी लागतात, ढोलाला तेवढा वेळ लागत नाही. प्रसाराच्या शर्यतीत श्रेष्ठ वाद्यच जिंकते असे नाही, सोपे वाद्य जिंकते.

ताशाचा प्रवास याहून लांबचा आहे. १८४५ ते १९१७ या काळात भारतातून, मुख्यतः भोजपुरी मुलखातून, करारबद्ध मजूर जहाजांनी त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांच्याबरोबर मोहरमच्या मिरवणुकीत वाजणारा ताशा गेला, आणि तेथे त्याचे 'तासा' हे स्वतंत्र कुळ तयार झाले. आज ते होसेच्या, म्हणजे तिथल्या मोहरमच्या, मिरवणुकीत आणि हिंदूंच्या लग्नांतही वाजते. मळ्याच्या वसाहतीत कोणाची प्रथा कोणाच्या धर्माची, हा हिशेब फारसा टिकला नाही. मॉरिशसमध्ये गेलेल्या मराठी मजुरांनी असेच कोकणातले जाखडीचे नाच नेले. ते तिकडे 'झाकरी' या नावाने गणेश चतुर्थीला अजून नाचले जातात. मात्र हा झाला माणसांबरोबर झालेला प्रसार, ज्यात गाणारा आणि वाजवणारा स्वतः समुद्र ओलांडतो. केरळमधल्या नाशिक ढोलासाठी कोणाला स्थलांतर करावे लागले नाही.

फाल्गुन वद्य द्वितीया

सकाळी मिसळ खाऊन पांडवलेणीकडे निघालो. मिसळीवर नाशिककरांशी वाद घालणे पाहुण्याने टाळावे, तसे मी टाळले. त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढताना नाना दर वळणावर थांबत आणि मी थकलो आहे असे भासवत.

या डोंगरात २४ लेणी आहेत. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत, शिलालेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात आहेत, आणि पांडवांचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. तरीही नाव पांडवलेणी. वापर थांबल्यावर आणि लिपी विसरली गेल्यावर पंचक्रोशीतल्या लोकांनी या विशाल दालनांचे कर्ते म्हणून आपल्याला माहीत असलेले सर्वांत बलाढ्य वनवासी शोधले. भारतभर कितीतरी लेणी आणि शिळा अशाच पांडवांच्या नावावर जमा आहेत. लोककथा जागा रिकामी राहू देत नाही, असे मी वर्गात सांगतो. लेण्यांत उभे राहिल्यावर ते पटते.

तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे, आणि दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा. उषवदाताने भिक्षूंच्या खर्चासाठी ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेव म्हणून गुंतवले होते आणि व्याजातून वस्त्रांचा व इतर खर्च भागवायचा होता. निवृत्त बँक अधिकाऱ्याला हा लेख जितका आवडला तितके दुसरे काहीच आवडले नाही; मुद्दल हलवायची नाही ही अट त्यांनी मला दोनदा समजावून सांगितली. मला मात्र सतराव्या लेण्यातला लेख पाहायचा होता. त्यातला दाता आहे दत्तामित्री येथून आलेला, उत्तरेकडचा, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, आणि तो स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा, म्हणवतो. बापाचे नाव बौद्ध, मुलाचे वैदिक देवतांवरून ठेवलेले, कूळ ग्रीक आणि दान सह्याद्रीच्या एका टेकडीवर. संस्कृतींची सरमिसळ हा आपल्या काळाचा रोग आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा लेख अवश्य पाहावा.

कथांचे तर विचारूच नये. बुद्धाच्या राजपुत्र असतानाच्या आयुष्याची कथा मध्य आशियातून अरबीत, तेथून जॉर्जियन, ग्रीक आणि लॅटिन भाषांत जात जात 'बार्लाम आणि जोसाफात' ही ख्रिस्ती संतकथा झाली, आणि युरोपात शतकानुशतके जोसाफात या संताचा सणही पाळला गेला. बुद्ध कोण हे माहीत नसलेल्या युरोपाने अशा रीतीने त्याची कथा मनापासून ऐकली. तिचे वाहक होते व्यापारी, भिक्षू आणि अनुवादक, आणि तिला लागली काही शतके.

डोंगराच्या पायथ्याशीच दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. वर दोन हजार वर्षांपूर्वीचा प्रसार आणि खाली विसाव्या शतकातला, असा हा शेजार बहुधा योगायोगाने जमला असावा. पण तो चपखल आहे. फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये २८ डिसेंबर १८९५ रोजी तिकीट लावून चित्रपट दाखवला आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांची चित्रे झळकली. पॅरिस ते मुंबई हा पल्ला सहा महिन्यांहून थोड्या अधिक काळात पार झाला, आणि मधली असंख्य गावे वगळून झाला. लोकप्रिय संस्कृतीची चाल अशीच असते: मोठ्या शहरातून मोठ्या शहरात उडी, मग तेथून लहान शहरांत उतरण. लगतचे खेडे सर्वांत शेवटी.

फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना आपले राम-कृष्ण दिसू लागले, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. १९१२ मध्ये ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. त्यानंतर त्यांनी आपला कारखाना नाशकात आणला. हा उलटा प्रवास मला फार महत्त्वाचा वाटतो. मुंबई सोडून माणूस तीर्थक्षेत्रात गेला आणि तेथे १९१७ मध्ये 'लंका दहन' तयार केला, ज्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली ती नाशकातच. यंत्र इंग्लंडचे, स्फूर्ती ख्रिस्तचरित्राची, आणि आशय मात्र प्रत्येक प्रेक्षकाने कीर्तनात, सोंगांत आणि आजीच्या तोंडून आधीच ऐकलेला. शिवाय फाळके त्यापूर्वी राजा रविवर्मा यांच्या शिळाछापखान्यात काम करून आले होते, त्यामुळे देव कसे दिसतात याचे एक छापील उत्तर लोकांच्या भिंतींवर आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तयार होते. नवे माध्यम जुन्या गोष्टीच्या खांद्यावर बसूनच गावात शिरते. फाळके नाशकातच १६ फेब्रुवारी १९४४ रोजी वारले, आणि तोवर बोलपटाने त्यांचे मूक जग मागे टाकलेले होते.

सकाळच्या मिसळीबद्दल एवढेच सांगतो की तिच्यातली मटकी आपली, पण तिखटपणा ज्या मिरचीवर उभा आहे ती मिरची मध्य व दक्षिण अमेरिकेतून, पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे आली. सोळाव्या शतकापूर्वी या देशात कोणीही मिरची चाखलेली नव्हती. तिने इतकी खोल मुळे धरली की आज तिखट न खाणारा मराठी माणूस आपल्याला परका वाटतो.

फाल्गुन वद्य तृतीया

दुपारी पेठच्या रस्त्याला लागलो. द्राक्षांचे मळे मागे पडतात, सावळघाटात चढउतार सुरू होतो आणि तासाभरात आपण दुसऱ्याच जिल्ह्यात आलो की काय असे वाटते. नानांच्या एका जुन्या खातेदाराच्या पाड्यावर बोहाडा होता. होळीनंतर पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या भागात आणि पलीकडे जव्हार-मोखाड्यात कोकणा, महादेव कोळी आणि वारली वस्त्यांत हा मुखवट्यांचा उत्सव गावोगाव चालतो. त्याची छापील पत्रिका निघत नाही. एका गावाचा उरकला की पुढच्या गावाचा.

रात्री जेवणे झाल्यावर मैदानात लोक बसले. आधी गणपतीचे सोंग आले, मग सरस्वती, आणि त्यानंतर एकामागून एक सोंगे येत राहिली: मारुती, रावण, भीम, बकासुर, खंडेराव. टेंभ्यांच्या उजेडात, संबळ आणि सनईवर प्रत्येक सोंग आपल्या ठरावीक चालीने नाचत मैदानभर फेरी घालते आणि परतते. संवाद जवळजवळ नसतात. कोणते सोंग कोणी आणायचे हे घराण्यांनी वाटून घेतलेले असते. आमच्या यजमानांच्या घरात नरसिंहाचे सोंग आहे. तो मुखवटा वर्षभर माळ्यावर असतो आणि काढण्यापूर्वी त्याची पूजा होते. शेवटच्या रात्री, पहाटेच्या सुमारास, जगदंबा आणि महिषासुर यांची लढाई होते आणि उत्सव संपतो. आम्हाला ती रात्र मिळाली नाही.

शिक्षकाची खोड म्हणून मी मुखवट्यांची उगमस्थाने मनात शोधत बसलो. आकार मोठे, डोळे वटारलेले, रंग भडक. हे या डोंगरांचे. रावण आणि भीम महाकाव्यांतून, कदाचित कथेकऱ्यांच्या मुखातून, आलेले. पण सरस्वतीचा चेहरा पाहताच मी थबकलो, कारण तो छापील कॅलेंडरावरचा होता: तेच गोल गाल, तीच मान किंचित कललेली, तोच मुकुट. रविवर्म्यांच्या छापखान्याने ज्या परंपरेला जन्म दिला, ती बाजारपेठेतून पाड्यावरच्या भिंतीवर आली आणि मुखवटा रंगवणाऱ्याच्या हातात उतरली असावी, असा माझा तर्क आहे. म्हणजे लोकसंस्कृतीचे अस्सल उदाहरण पाहायला मी घाट उतरून आलो आणि त्यात मला लोकप्रिय संस्कृती आधीच बसलेली सापडली. तिच्यामुळे बोहाड्याचे काही बिघडलेले दिसले नाही. नरसिंहाचा मान कोणाचा, ही गोष्ट छापखाना बदलू शकत नाही.

याच्या शेजारी एक वेगळी गोष्टही दिसली. मध्यंतरात पोरांनी फोनवर गाणी लावली, त्यांत एक कोरियन होते. पाड्यावर मोबाइलची रेंज जेमतेम, तरी ते गाणे कुठूनतरी उतरवून घेतलेले होते. दहावीतल्या एका मुलाला त्या चमूतल्या सातही गायकांची नावे पाठ होती, आणि पावरी वाजवणारा त्याचा आजा शेजारीच बसून हसत होता. भोपळ्याची आणि शिंगाची ती पावरी या मुलाला वाजवता येते का, असे मी विचारले. "येते की," तो म्हणाला, "पण ती डोंगऱ्यादेवाला. अशी कधीपण नाही वाजवायची." वाद्याला तिथी आहे, गाण्याला नाही. मुलाने हा फरक मी न विचारताच सांगितला.

फाल्गुन वद्य चतुर्थी

पहाटे परतून दुपारपर्यंत झोपलो. मग मुंबई-आग्रा रस्त्याने चांदवड ओलांडून मालेगावला पोहोचलो. रमजानचा महिना असल्याने खाण्याची दुकाने बंद होती, पण यंत्रमागांचा खडखडाट नेहमीसारखाच चालू होता. गल्लीत शिरल्यावर आवाज वाढवूनच बोलावे लागते. रोजा सुटल्यावर रस्ते एकदम भरले आणि आम्हालाही खजूर, फळे व चहा मिळाला.

मालेगावला येण्याचे कारण शेख नासिर यांचे चित्रपट. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या या गृहस्थांनी गावातलीच माणसे घेऊन, अत्यंत अल्प खर्चात, 'मालेगाव के शोले' काढला, आणि तो गावात तुफान चालला. बैलगाडीवरून उंच कोनातली दृश्ये आणि सायकलवरून सरकती दृश्ये टिपली गेली. पुढे त्यांनी मालेगावचा सुपरमॅनही पडद्यावर आणला. त्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी केलेला माहितीपट २०१२ मध्ये चित्रपटगृहांत लागला, आणि या सगळ्यावर बेतलेला रीमा कागती यांचा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला.

ही साखळी मागे नेत गेलो तर ती थांबतच नाही. 'शोले' १९७५ चा, चित्रीकरण कर्नाटकातल्या रामनगरचे. त्यामागे अमेरिकी घोडेस्वारपट आणि इटालियन दिग्दर्शकांनी स्पेनच्या माळरानावर काढलेले त्यांचे भाऊबंद. त्यांच्यामागे अकिरा कुरोसावा, ज्यांच्या १९५४ च्या 'सेव्हन सामुराई'वरून हॉलिवूडने १९६० मध्ये 'द मॅग्निफिसंट सेव्हन' काढला. खेड्याला दरोडेखोरांपासून वाचवण्यासाठी भाडोत्री लढवय्ये बोलावतात, ही जपानी कल्पना अमेरिका आणि मुंबई करत मोसम नदीच्या काठी आली. १९३८ मध्ये वाचकांसमोर आलेला सुपरमॅन तर जेरी सीगल आणि जो शुस्टर या स्थलांतरित ज्यू कुटुंबांतल्या दोन तरुणांनी निर्माण केला, आणि दुसऱ्या जगातून येऊन इथलाच होऊ पाहणारा त्यांचा नायक पाहिला की त्या घरांची आठवण होते. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराने तो पोशाख चढवला तेव्हा हा परका पुन्हा एकदा नव्या गावाचा झाला.

या चित्रपटांना नक्कल म्हणून हसणारे बरेच आहेत. मला ते मान्य नाही. नक्कल करणारा मूळ वस्तूच्या जितके जवळ जाता येईल तितके जातो. मालेगावकर मुद्दाम दूर जातात. बोली गावची, विनोद गावच्या अडचणींवरचे, घोड्यांच्या जागी सायकली, आणि प्रेक्षकाला खलनायक कोणत्या गल्लीत राहतो तेही माहीत. दशावतारी खेळात किंवा बोहाड्यात हेच होत नाही काय? फक्त येथे महाकाव्याच्या जागी 'शोले' आहे. एखादी लोकप्रिय कृती इतकी सर्वांच्या तोंडी बसली की ती कोणाच्याच मालकीची राहत नाही आणि लोक तिच्याशी कथेकऱ्यासारखे वागू लागतात, तेव्हा तिला लोकसंस्कृतीच्या रकान्यात कधी हलवायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. हक्कस्वामित्वाचा कायदा मात्र त्याचे उत्तर लगेच देईल.

परतताना रात्री राहूड घाट ओलांडला. येवल्याला वळायचे होते, राहून गेले. पैठणचे नाव लावणारी पैठणी आज सर्वाधिक विणली जाते ती येवल्यात. कारागीर हलले, कसब हलले, नाव मात्र मूळ गावाचेच राहिले.

फाल्गुन वद्य पंचमी, रंगपंचमी

सकाळी गर्दी होण्यापूर्वी सीता गुंफा आणि काळाराम मंदिर पाहून घेतले. मंदिराच्या दारात प्रत्येकाला २ मार्च १९३० आठवायला हवे, जेव्हा डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. परंपरा कोणाची आणि तिच्यात कोणाला शिरू द्यायचे, हा प्रश्न संस्कृतीच्या प्रसाराइतकाच जुना आहे.

पंचवटी नाशकात, हे नाशिककराला सिद्ध करावे लागत नाही. तेलंगणात भद्राचलमजवळच्या पर्णशाळा या गावालाही तसेच वाटते. रामायण जिथे गेले तिथे त्याने स्वतःचा भूगोल उभा केला: जावामध्ये प्रंबाननच्या नवव्या शतकातल्या मंदिरांवर त्याची शिल्पे आहेत, थायलंडच्या जुन्या राजधानीचे नाव अयोध्येवरून अयुथया, आणि तेथील रामकियेन या राष्ट्रीय काव्यावर आधारलेले खोन हे मुखवट्यांचे नाट्य २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. कंबोडियाचे लखोन खोल त्याच वर्षी. परवा रात्री पेठच्या मैदानात जो रावण नाचला, त्याचे चुलतभाऊ बँकॉकच्या राजेशाही रंगमंचावर सोन्याच्या मुकुटात नाचतात; फरक एवढाच की तिथे राजाश्रय मिळाला आणि इथे पाड्याने वर्गणी काढली.

दुपारनंतर रहाडी. पेशवाईपासून चालत आलेले, दगडी बांधणीचे, माणूस बुडेल इतके खोल हे हौद भर वस्तीत, रस्त्याच्या पोटात आहेत. वर्षभर ते लाकडी ओंडके आणि माती घालून बुजवलेले असतात, आणि वरून वाहने जातात. पंचमीच्या आधी माती उकरतात, स्वच्छ करतात, पूजा होते आणि फुलांपासून उकळून केलेला रंग त्यात ओततात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. मग लोक काठावरून उडी घेतात, तिला धप्पा म्हणतात. आम्ही शनी चौकात गेलो, पुढे तिवंधा चौकात. साठी ओलांडलेल्या नानांनी सदरा काढून धप्पा मारला आणि वर येऊन मला हाताला धरून ओढले, तेव्हा माझे निरीक्षण काही काळ थांबले.

रंगांची होळी जगभर गेली आहे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात रंगांची पूड उधळत धावण्याची व्यावसायिक शर्यत सुरू झाली आणि ती झपाट्याने अनेक देशांत पसरली. त्याच वर्षी जर्मनीतही तिकीट लावून होळीचे संगीतमेळावे भरू लागले. तेथे होलिका नाही, फाल्गुन नाही, पौर्णिमाही नाही. शर्यत वर्षभर कोणत्याही शनिवारी होऊ शकते. पूड पिशवीत भरता येते आणि छायाचित्रात चांगली दिसते, म्हणून ती गेली. रहाड जाऊ शकत नाही, कारण ती जमिनीतला खड्डा आहे, आणि शिवाय तो विशिष्ट गल्लीतल्या विशिष्ट लोकांनी उकरायचा असतो. काही जुन्या रहाडी रस्त्यांखाली कायमच्या गेल्या आहेत. ज्या उघडतात त्यांच्या शेजारी आता ध्वनिवर्धकांच्या भिंती आणि पाण्याचे फवारे लावून खासगी कार्यक्रमही होतात, आणि तरुण मंडळी आधी रहाडीत धप्पा मारून मग तिकडे नाचायला जातात. यात त्यांना कसलाही विरोध जाणवत नाही.

कोणाला जायचे असल्यास: वीर पाहण्यासाठी धूलिवंदनाला दुपारी चारनंतर रामकुंडावर थांबावे. रहाडी तिसऱ्या प्रहरी सुरू होतात, जुने कपडे घालावे, चष्मा आणि फोन घरी ठेवावा, पोहता येत नसेल तर काठावर ओळखीच्या माणसाला उभे करावे. बोहाड्यासाठी पेठ किंवा सुरगाण्याच्या बाजारच्या दिवशी चहाच्या दुकानात चौकशी केली की पुढचा कोणत्या पाड्यावर आहे ते कळते; छायाचित्र काढण्यापूर्वी सोंगाच्या घरच्यांना विचारावे, आणि मुखवट्याला हात लावू नये.